हाताची सवय

भाडेकरार व्हायला तीन आठवडे लागले आणि त्याला कारण होता एक शब्द. फरीदाबादच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेल्या टायपिस्टने मसुद्यात नेहमीचं कलम घातलं होतं, 'किरायेदार कोई पालतू जानवर नहीं रखेगा.' माझ्या होऊ घातलेल्या घरमालकांनी खिशातून पेन काढलं आणि 'पालतू'भोवती गोल केला.

"इसका मतलब?"

"अंकल जी, कुत्ता-बिल्ली," टायपिस्ट म्हणाला.

"कुत्ता-बिल्ली तो जानवर हो गए. पालतू क्या हुआ?"

टायपिस्टने माझ्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे. मागे आठ माणसं खोळंबली होती, माझी बॅग नोएडात एका मैत्रिणीच्या हॉलमध्ये पडली होती, आणि मला ना कुत्रा पाळायचा होता ना मांजर. मला फक्त राहायला दोन खोल्या हव्या होत्या. पण कागद परत घरी गेला. तीन आठवड्यांनी आला तेव्हा ते कलम असं झालं होतं: 'भाडेकरू स्वतःच्या मालकीचा कोणताही प्राणी ठेवणार नाही. जे प्राणी आपल्या मर्जीने येतील आणि जातील त्यांच्याविषयी हा करार काही म्हणत नाही.' सगळा करार हिंदीत आणि हे एवढं कलम मराठीत. टायपिस्टने न समजता ते जसंच्या तसं उतरवलं आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाकडे तरी जा म्हणून हात जोडले.

मी पुण्याहून आलेली, एकटी, म्हणून आईने ओळखीतून शोधून काढलेलं हे मराठी घर. ऑफिस नोएडात आणि घर फरीदाबादला, म्हणजे दोन मेट्रो बदलून जायचं. पण आईला वाटलं, खाली मराठी बोलणारे वडीलधारे आहेत, पोरीला आधार. आधार म्हणजे काय ते मला पुढे कळलं. वरच्या मजल्यावर मी, खाली काका आणि काकू. काकू केंद्र सरकारच्या एका खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या, कामाचं तेवढंच बोलणाऱ्या. त्यांच्या चाळीस वर्षांच्या संसारात काकांनी एकाही प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात दिलं नव्हतं, असं त्या शपथेवर सांगत.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. दिल्लीत प्राणिशास्त्राच्या एका सरकारी खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. काम काय, तर पेंढा भरलेल्या आणि बाटलीत बुडवलेल्या प्राण्यांच्या चिठ्ठ्या लिहायच्या. चिठ्ठीवर प्राण्याचं शास्त्रीय नाव, ते लॅटिनमध्ये. साहेब म्हणत, जसं आहे तसं उतरवा. यांना ते जमेना. आपण लिहितो त्याचा अर्थ कळल्याशिवाय हात चालत नाही, हा मूळचा आजार. दर्यागंजच्या फुटपाथवरून त्यांनी एक जुनं लॅटिन व्याकरण उचललं आणि जेवणाच्या सुट्टीत बसून, कुणी न शिकवता, ती भाषा शिकून टाकली.

"लॅटिन काय काका! शिकायचंच होतं तर संस्कृत शिकायचं," मी एकदा म्हणाले. पुण्याची ना मी. आमच्याकडे असली वाक्यं विचार न करता तोंडातून पडतात.

ते चिडले नाहीत. म्हणाले, "शाळेत होतं ना संस्कृत. गुरुजी चांगले होते, शिकवायचे. फक्त मी श्लोक म्हणायला लागलो की ते डोळे मिटून घ्यायचे. लॅटिन बोलणारं कुणी जिवंतच नाही, बेटा. डोळे कोण मिटणार?"

माझे आजोबा संस्कृतचेच मास्तर होते. मी चहा संपवला आणि वर निघून गेले.

हे एक सोडलं तर मी काकांसमोर गप्प बसल्याचं मला आठवत नाही, कारण त्यांच्यासमोर शांत राहणं माणसाला शक्यच नव्हतं. भाजीवाल्याकडे टोमॅटो घ्यायला गेले तर टोमॅटोच्या लॅटिन नावात लांडगा कुठून आला हे त्याला समजावून येत आणि टोमॅटो विसरत. एका जानेवारीत इथल्या आम्हा मराठी मंडळींची बस पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकाला, गेली. इथे आंब्याचं झाड होतं, रक्त शोषून ते काळं पडलं, असं कुणीतरी सांगितलं. सगळे हात जोडून उभे. त्या शांततेत काकांचा आवाज आला, "लाकूड जपून ठेवलंय का कुठे? काळं पडलं ते बुरशीने का काय, बघता आलं असतं." फेटा बांधलेल्या एका गृहस्थांनी त्यांना 'तुम्ही आमच्यातले आहात का' असं विचारलं. काका म्हणाले, "हा प्रश्न वेगळा आहे, जी." परतीच्या बसमध्ये त्यांच्याजवळ कुणी बसेना. काकूसुद्धा पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मग मी बसले, आणि तीन तास आंब्याच्या कुळाची हकिगत ऐकली.

माझं काम बरोबर त्यांच्या उलटं. नोएडातल्या एका कंपनीत मी ॲपवरचे इंग्रजी शब्द मराठीत आणते. एका शब्दाला फार तर एक मिनिट. एकदा चुकून काकांना विचारलं, 'अनफॉलो'ला काय म्हणू? चार दिवसांनी माझ्या दाराखालून तीन कार्डं सरकवलेली निघाली, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. तोवर मी 'अनफॉलो करा' असं लिहून तो स्क्रीन पाठवूनही दिला होता.

"मग हे काय करू?" मी विचारलं.

"वाच," ते म्हणाले. "काहून, घाई आहे?"

ही कार्डं म्हणजे त्यांचं निवृत्तीनंतरचं आयुष्य. प्राण्यांच्या आणि झाडांच्या नावांत येणारे लॅटिन शब्द, त्यांचे अर्थ, मराठीतून. भंडाऱ्याच्या कॉलेजातली पोरं ही नावं नुसती घोकतात, त्यांच्यासाठी. बुटांच्या नऊ खोक्यांत ती कार्डं रचलेली होती. प्रत्येक कार्डावर शब्द, अर्थ, आणि खाली 'उदाहरण'. उदाहरणाचा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतलेला, आणि तो माझ्या मते निव्वळ छळ होता: उदाहरण पुस्तकातलं चालणार नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं हवं. 'खवलेदार' या अर्थाच्या शब्दासाठी ते साप दिसेपर्यंत थांबले होते. आमच्या सेक्टरच्या पार्कात साप निघाला तेव्हा सगळे पळाले आणि हे चष्मा लावून पुढे गेले.

मी येईपर्यंत सगळा कोश तयार होता. नागपूरचे एक प्रकाशक छापायला राजी होते, दर महिन्याला फोन करत होते. राहिली होती फक्त दोन कार्डं, रबर बँड लावून वेगळी ठेवलेली. सात वर्षं.

पहिला शब्द 'किकुर', दुसरा 'मान्सुएतुस'. दोन्हींचा अर्थ कोशात एकच दिलेला, माणसाळलेला. मी म्हटलं, झालं तर मग! दोन्हीकडे 'माणसाळलेला' लिहा आणि पाठवून द्या.

"मग त्यांनी दोन शब्द काहून केले?"

"असतात काका! पाणी, जल!"

"तसं नाही ते." मग ते सरसावून बसले. किकुरच्या विरुद्ध काय, तर फेरुस, म्हणजे रानटी. मान्सुएतुसच्या विरुद्ध मात्र रानटी नाही, क्रूर. म्हणजे किकुर हे वरवरचं झालं. रानातलं जनावर दावणीला आलं, अंगावर येत नाही, की झालं किकुर. मनात काय चाललंय ते तो शब्द विचारत नाही. मान्सुएतुस मात्र आतलं सांगतो. शब्दशः बघितलं तर हाताची सवय झालेला. हात पुढे केला की बिचकत नाही, आपणहून येतो. तो शब्द माणसांनाही लावत, मवाळ मनाच्या.

"मग लिहा की हेच! सुंदर आहे."

"उदाहरण?"

इथे काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "गाय लिहा."

"गाईला विचारलं कुणी? ती किकुर आहे का मान्सुएतुस, तुला काय माहीत?"

"चाळीस वर्षं हेच ऐकते मी," काकू मला म्हणाल्या. "चावतं का नाही, एवढं सांगा म्हणावं. लॅटिन नंतर."

मला तर वाटायचं, खोकी उचलावीत आणि प्रकाशकाला कुरियर करून टाकावीत. एका बाजूला अख्खा कोश तयार, पोरं घोकताहेत, प्रकाशक म्हातारा होत चाललाय, आणि हे एका गाईचं मन कळत नाही म्हणून अडून बसलेत.

त्या दिवसांत आमच्या गल्लीत एक तपकिरी कुत्री होती, उजवा कान फाटलेली. पोरं तिला भूरी म्हणत. काका तिला नाव ठेवायला तयार नव्हते, नुसतं 'ती' म्हणत. ती कुणाची नव्हती. आमच्या गेटशी ठेवलेलं खायची, पण माणूस चार पावलं मागे सरकल्यावरच. माझ्याही ताटलीतलं वर्षभर खाल्लं तिने आणि एकदाही हात लावू दिला नाही.

हिवाळ्यात मला काकांची एक नवीच तऱ्हा दिसायला लागली. सकाळी बुद्धवंदना आटोपली की ते व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसायचे, डाव्या हातात पुस्तक, आणि उजवा हात खुर्चीच्या बाजूने खाली सोडलेला, तळवा उघडा. तास तास. पान उलटायचं तर डाव्याच अंगठ्याने, कसरत करून. बाहेर धुरकट थंडी, बोटं निळी पडलेली. मला वाटलं, अर्धांगाचा झटका वगैरे येऊन गेला की काय. मी काकूंना सांगितलं, डॉक्टरांना दाखवा. काकू म्हणाल्या, "डोक्याच्या डॉक्टरला दाखवायचंय का हाताच्या?"

महिन्या-दोन महिन्यांनी कळलं. एका सकाळी मी ऑफिसला निघाले, तर भूरी व्हरांड्याच्या पायरीवर बसलेली. थोड्या दिवसांनी खुर्चीमागे. आणि मग होळीच्या सुमारास, मी जिन्यात चपला घालत होते तेव्हा, तिने मान पुढे केली आणि त्या उघड्या तळव्यात नाक ठेवलं. काकांनी पुस्तकातून मान वर केली नाही. बोट हलवलं नाही. पण त्यांचे डोळे ओळीवरून पुढे जात नव्हते, ते मला स्पष्ट दिसलं. त्या दिवशी मी मेट्रोत उगाचच खूश होते. संध्याकाळी त्यांनी मला मान्सुएतुसचं कार्ड दाखवलं. उदाहरणासमोर एकच अक्षर लिहिलेलं, 'ती.'

"चला! एक तर सुटलं," मी म्हणाले. "आता किकुर."

"शोधू," ते म्हणाले. इतकं लहान उत्तर त्यांनी मला पहिल्यांदाच दिलं.

आणि मग तो उन्हाळा आला. दिल्लीत आणि आजूबाजूला भटक्या कुत्र्यांवरून घरोघरी भांडणं लागली होती. तशात आमच्या सेक्टरमध्ये एका कुत्र्याने कुणाच्या तरी ड्रायव्हरला पोटरीला धरलं. कुत्रा तपकिरी होता, एवढंच त्याला सांगता येत होतं. तपकिरी कुत्री आमच्याकडे चार होती. सोसायटीच्या प्रधानजींनी, म्हणजे अध्यक्षांनी, पार्कात रविवारी मीटिंग लावली. ठरलं असं: एक खासगी गाडी बोलावायची, सगळी कुत्री उचलून शहराबाहेरच्या निवाऱ्यात द्यायची. ज्यांना कुणी पालतू म्हणून नावावर घेईल, तेवढी राहतील. गळ्यात पट्टा, रजिस्टरमध्ये नाव, विषय संपला.

मी खूश. म्हटलं, आपली सुटली. मी भाडेकरू, माझं नाव चालणार नव्हतं, आणि करारातलं कलम होतंच. पण काका घरमालक, त्यात प्राण्यांच्या खात्यातले निवृत्त. प्रधानजी स्वतःच म्हणाले, "अंकल जी, आप तो एक्सपर्ट हो. ये भूरी आपके बरामदे में बैठती है. बस एक शब्द बता दो, पालतू है या नहीं?"

काका उभे राहिले. आता लवकर सुटका नाही हे मला कळलं, कारण त्यांनी चष्मा पुसायला घेतला होता.

वीस मिनिटं बोलले. पालतू म्हणजे पाळलेला, म्हणजे कुणाच्या तरी मालकीचा. मालकी वेगळी आणि स्वभाव वेगळा. प्राणी कुणाचा नसूनही मवाळ असू शकतो, आणि मालकीचा असूनही आतून खवळलेला. रोमन लोकांनी यासाठी दोन शब्द केले होते. आपल्याला प्रश्न विचारायचा असेल तर तो कोणता, हे आधी ठरवावं लागेल. लोक घड्याळ बघायला लागले. मग उठायला लागले. मी मागून त्यांचा शर्ट ओढला. काकूंनी हातातल्या पंख्याने कपाळ झाकून घेतलं.

"तो हाँ या ना, अंकल जी?"

"आपने जो शब्द पूछा है, उसमें तो ना," काका म्हणाले.

प्रधानजींनी रजिस्टरमध्ये फुली मारली.

घरी येताना मी रस्त्यातच त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात कुठल्याच वडीलधाऱ्या माणसावर मी तशी ओरडलेली नाही. "एक शब्द काका! एक शब्द बोलायचा होता! 'हाँ' म्हणायचं होतं! तिथे काय परीक्षा होती का? तुमच्या अचूकपणापायी तिला नेतील आता!"

ते थांबले. "पालतू म्हटलं तर मी तिचा मालक झालो ना, बेटा. ती आपणहून येते. मी मालक झालो की मग येणं कसलं ते?"

"तिला काय फरक पडतो!"

"मला पडतो." ते चालायला लागले. गेटशी आल्यावर कडीवर हात ठेवून म्हणाले, "माझ्या गोपनीय अहवालात साहेब दरवर्षी एकच लिहायचे. शांत, आज्ञाधारक, काही त्रास नाही. साहेब बदलले, वाक्य नाही बदललं. तेहतीस वर्षं. मी शांत नव्हतो. मी चावत नव्हतो, एवढंच."

 माझा राग मात्र गेला नाही. माणसाच्या मनाला इतकं लागलेलं असतं हे मान्य, पण गाडी मंगळवारी येणार होती आणि रजिस्टरात फुली होती. मी म्हटलं, "उद्या जाऊन प्रधानजींना सांगा, चुकलं म्हणून." ते म्हणाले, "मी त्यांना नीट समजावून सांगीन." मी कपाळाला हात लावला.

सोमवारी ते दोनदा प्रधानजींकडे गेले. दोन्ही वेळा समजावून सांगितलं. दोन्ही वेळा प्रधानजी चहा पाजून म्हणाले, अंकल जी, बस हाँ बोल दो. हे तसेच परत आले.

मंगळवारी सकाळी आठला गाडी आली. जाळीचा टेम्पो, चार माणसं, लांब काठ्या, काठीला दोरीचा फास. मी त्या दिवशी घरूनच काम करणार होते, जिन्यात उभी होते. कुत्र्यांना ती गाडी कशी ओळखू येते कोण जाणे. हॉर्न वाजायच्या आत गल्ली रिकामी. कुणी मोटारीखाली, कुणी नाल्यात, कुणी बांधकामाच्या विटांमागे. भूरीसुद्धा समोरच्या बंद घराच्या आवारात, करवंदीच्या कुंपणात शिरली. ती माणसं तिच्यापर्यंत पोचू शकत नव्हती. काट्यांतून काठ्या घालून दमली, शिव्या देत बाजूला झाली.

तेवढ्यात काका गेट उघडून बाहेर आले. त्यांना तिला आत घ्यायचं होतं. नुसतं आत, व्हरांड्यात. आपल्या आवारातून कुणी नेणार नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. ते रस्त्याच्या मधोमध वाकले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा उघडा.

मी ओरडले, "काका, नको!" पण उशीर झाला होता.

ती आली. कुंपणातून अंग खरवडत, शेपूट पायांत घालून, त्या चार माणसांच्या समोरून, सरळ त्यांच्या हाताकडे आली. तिने तळव्यात नाक ठेवलं आणि मागून फास पडला.

त्या दिवशी सगळ्या सेक्टरमधून त्यांना एकच कुत्रं मिळालं. ज्यांनी कुणावरच विश्वास ठेवला नव्हता, ती सगळी सुटली. तिला फरफटत टेम्पोत चढवताना त्यांच्यातला एकजण, चांगल्या मनाने, काकांना म्हणाला, "थैंक यू अंकल जी. अच्छा हुआ आप आ गए. ये तो आपके हाथ की है."

काका तसेच वाकलेले होते. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तरी हात पुढेच होता. मी जाऊन त्यांना धरून उभं केलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी मला रडू फुटलं होतं. दोन्ही एकदम कसं होतं ते मला त्या माणसानेच शिकवलं.

काकू बाहेर आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. आतून काकांचं आधार कार्ड आणून त्यांच्या खिशात घातलं आणि मला म्हणाल्या, "गाडी बोलव."

कॅबने दीड तास लागला. निवारा म्हणजे पत्र्याच्या शेड, आत एकसारखं भुंकणं, फिनेलचा वास. टेबलावरच्या मुलीने फॉर्म पुढे केला. चांगली होती बिचारी, पण मागे रांग होती. "जानवर का नाम?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "भूरी."

"पालतू है?"

 मी त्यांच्या खिशातून चष्मा पुसायचा रुमाल बाहेर येतोय का ते बघत राहिले. तो आला नाही.

"हाँ," ते म्हणाले.

"मालिक?"

"मैं."

त्यांनी सही केली. ज्या माणसाचं अक्षर हजारो चिठ्ठ्यांवर छापल्यासारखं होतं, त्याची ती सही रकान्याबाहेर घसरली. दोन दिवस मी ज्या शब्दासाठी त्यांच्या मागे लागले होते, तो शब्द त्यांनी उच्चारला आणि मला जराही बरं वाटलं नाही.

तिला लाल पट्टा घालून आणलं. काकांनी हात पुढे केला. तिने तो हुंगला नाही. नजर बाजूला वळवून ती उभी राहिली आणि दोरी ओढली त्या दिशेने चालायला लागली.

तेव्हापासून ती व्हरांड्यात राहते. पोतं घातलंय, भांडं आहे, रजिस्टरमध्ये नाव आहे. प्रधानजी येता-जाता म्हणतात, देखा अंकल जी, कितनी शरीफ हो गई. शरीफ तर आहेच. पोस्टमनवर भुंकत नाही, पट्टा घालताना मान पुढे करते, काकू औषध लावतात ते लावू देते. फक्त हातात नाक ठेवत नाही. तिच्या बाजूने हिशेब मिटला आहे.

मी पुढे नोएडाला राहायला गेले, दोन मेट्रोंना कंटाळून. जाण्याआधी काकांनी नऊ खोकी माझ्या टेबलावर आणून ठेवली. टाइप करून प्रकाशकाला पाठव म्हणाले. मी चकित. "दोन कार्डं राहिली होती ना?"

"झाली."

रबर बँड सोडलं. मान्सुएतुसच्या कार्डावर अर्थ तोच होता, हाताची सवय झालेला. उदाहरणासमोरचं 'ती' त्यांनी एका सरळ रेघेने खोडलं होतं आणि ती जागा मोकळी ठेवली होती. दुसरं कार्ड नवीन होतं. किकुर: चावत नाही, एवढंच. उदाहरण: ती.

"मान्सुएतुसचं उदाहरण मोकळं कसं सोडायचं काका? प्रकाशक विचारतील."

"मोकळंच छापा म्हणावं."

प्रकाशकांचे फोन मलाच येतात आता. एका जागी उदाहरण राहिलंय, लेखकांना विचारून कळवा. मी दर वेळी सांगते, राहिलेलं नाही, तसंच आहे. मग ते दर वेळी का म्हणून विचारतात, आणि मग मी चिडते, अगदी काकूंसारखी.

मागच्या रविवारी मी फरीदाबादला गेले होते. काकूंनी पोहे केले. भूरी मला बघून उठली, दोन पावलं सरकली आणि मला जायला वाट करून दिली. काका वेताच्या खुर्चीत वाचत बसले होते, पुस्तक डाव्या हातात, पान अंगठ्याने उलटत.

"काका, उजवा हात वापरा की आता," मी म्हणाले. "बास झालं. ती येणार नाही."

त्यांनी पुस्तकातून मान वर केली नाही. भूरी तिच्या पोत्यावर, त्यांच्याकडे पाठ करून झोपली होती. आणि हात खुर्चीच्या बाजूने खाली सोडलेला होता, तळवा उघडा.